साक्षी टाइप करणाऱ्या बाई

बाईंच्या दारात उभं राहून "सगळे म्हणतात" असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. दूधवाला एकदा बोलून गेला, "दीदी, सब बोल रहे हैं, कल नल नहीं आयेगा." बाईंनी पुढे केलेलं पातेलं मागे घेतलं. "सब में से तीन के नाम बता." तो किटलीवर हात ठेवून आठवत राहिला. शेवटी एकच नाव निघालं, त्याच्या साल्याचं. "तो ऐसा बोल, मेरा साला बोल रहा है," बाई म्हणाल्या आणि पातेलं पुन्हा पुढे केलं. तेव्हापासून तो माणूस गल्लीत कोणतीही बातमी द्यायची झाली की आधी साल्याचं नाव घ्यायचा, आणि बाकीची घरं चक्रावून जायची.

मी त्यांच्याकडे पुरानी बस्तीत, माडीवरच्या खोलीत, तीन वर्षं भाड्यानं राहिले. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. सलूनपासून सायकलच्या दुकानापर्यंत ज्याला त्याला पाटीवर 'राजधानी' शब्द हवा होता, आणि पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. बाई त्याच सुमारास कोर्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचा हुद्दा 'साक्ष्य लेखक'. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीश ते नीट करून सांगतात, आणि हे सगळं जागच्या जागी यंत्रावर टाइप करायचं, हे त्यांचं काम. तीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांची तोंडं टाइप केली. लग्न केलं नाही. वडील अमरावतीकडून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. त्यांनी बांधलेल्या दोन खोल्या आणि एक माडी एवढं बाईंचं राज्य.

उंच, काटकुळ्या, नायलॉनची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. उन्हात उघडायच्या नाहीत, थंडीत तर प्रश्नच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "हातात काही असलं का माणूस सरळ चालते."

शेजारी भांडण झालं की त्या दारात येऊन उभ्या राहत. दोन्ही बाजू ऐकत, अगदी शेवटपर्यंत. लोकांना वाटे, आता या काही तरी सांगतील. बाई ऐकून झालं की आत जाऊन भाताचा कुकर लावत. "निकाल देणं आपलं काम नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा गल्लीतल्या सासू-सुनेनं त्यांना मध्ये ओढलं, तेव्हा त्यांनी दोघींचं म्हणणं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, आवाजात चढउतार न करता. दोघी आपलंच बोलणं ऐकून ओशाळल्या आणि त्या दिवसापुरतं भांडण मिटलं.

आणि त्यांची बोटं. समोरचा बोलत असला की बाईंच्या उजव्या-डाव्या हाताची बोटं मांडीवर, ओट्यावर, छत्रीच्या दांड्यावर हलत असत. तुम्ही बोलत आहात आणि त्या टाइप करत आहेत. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. मग लक्षात आलं की बोटं मधेच थांबतात. जिथं माणूस भरताड बोलू लागला, मनातलं नसलेलं किंवा स्वतःला न कळलेलं, तिथं ती थांबत. बाई काही बोलत नसत, बोटं पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत.

खोली बघायला गेले होते तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसू दिलं नव्हतं. उभं ठेवूनच विचारलं, "नाव?" सांगितलं. "बापाचं नाव? वय? धंदा? राहणार कुठली?" राहणार गोंदिया, वडील रेल्वेत गँगमन, मी पीएच.डी. करते आणि एका कॉलेजात कंत्राटावर भूगोल शिकवते, असं मी एका दमात सांगितलं.

"पीएच.डी. काहेची?"

"रायपूरच्या तलावांची."

"तलावाचं काय?"

"किती होते, किती उरले, आणि बाकीचे काहून बुजले."

"आन हे सिद्ध कोण करन?"

"मीच," मी म्हटलं.

"मंग राहा," बाई म्हणाल्या आणि चावी दिली.

'मीच' म्हणणं सोपं होतं. प्रबंध जमा करण्याआधी विभागात सगळ्यांसमोर एक भाषण द्यावं लागतं. माझं ते झालं त्या दिवसाची गोष्ट मी बरेच महिने कुणाला सांगितली नव्हती. प्रोजेक्टरवर माझा नकाशा लावलेला होता. तिसऱ्या पारदर्शिकेवर एका सरांनी, काही वाईट हेतू नसताना, सहज विचारलं, या नकाशाचं प्रमाण काय? तो नकाशा मी माझ्या हातानं काढला होता. दोन उन्हाळे काढला होता. प्रमाण मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. गळा कुणी मुठीत धरल्यासारखा. समोर बसलेल्यांचे चेहरे दूर-दूर जायला लागले. मी "सॉरी" म्हटलं, तेही बहुतेक ओठांनीच, आणि बाहेर पडले. मिळेल त्या टेम्पोत बसले आणि तो जिथं रिकामा झाला तिथं, पंडरीच्या कापड बाजारात उतरले. एका दुकानात शिरले, कारण रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. दुकानदार एकामागून एक साड्या उलगडत राहिला, मी मान हलवत राहिले. तासाभरानं समोर साड्यांचा ढीग झाला आणि मी एकही न घेता उठले. तो तक्रार न करता घड्या घालू लागला. माझा चेहरा पाहिला असेल.

प्रबंध पुढे जमा झाला, परीक्षकांचे अहवालही चांगले आले. राहिली फक्त मौखिकी. बाहेरगावचे परीक्षक येणार, कुणीही येऊन बसू शकेल अशी खुली परीक्षा. तारीख लागली. मी आजारी असल्याचा अर्ज दिला. पुन्हा लागली, पुन्हा दिला. वडील दर रविवारी शेजारच्या फोनवरून विचारायचे, "झालं का वं तुयं?" मी सांगायचे, परीक्षकाची तब्येत बरी नाही. कॉलेजनं कळवलं होतं की पदवी नसेल तर पुढच्या वर्षी कंत्राट नाही. तिसरी तारीख लागली तेव्हा माझे गाइड सर म्हणाले, "बेटा, अब की बार नहीं आयी, तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा." ते रागावले नव्हते, त्यामुळे जास्त लागलं.

तरीही मी तिसरा अर्ज लिहिलाच. अक्षर थरथरत होतं म्हणून तो टाइप करून घ्यावा असं मनात आलं आणि मी कागद घेऊन खाली बाईंकडे गेले. त्यांच्याकडे घरी स्वतःचं जुनं हिंदी टाइपरायटर होतं, टॉवेलनं झाकलेलं. बाईंनी टॉवेल काढला, कागद चढवला, माझा अर्ज वाचला आणि बोटं अक्षरांवर ठेवून तशाच बसल्या.

"कोणता आजार?"

"ताप."

"किती होता?"

मी टॉवेलची घडी घालू लागले.

"पोरी, खोटं म्या पुष्कळ टाइप केलं," त्या म्हणाल्या. "पण ते सांगणाऱ्याचं होतं. त्याच्या खाली त्याची सही. हे टाइप करीन तं हे माह्यं होईन." आणि कागद उतरवून माझ्या हातात दिला. मग पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या, "भेव वाटून राहिलं?"

मी सगळं सांगितलं. नकाशा, गळा, टेम्पो, साड्या, बाबांशी बोललेलं खोटं. बाईंची बोटं मांडीवर चालू होती, एकदाही थांबली नाहीत. झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दिवस किती हायेत?"

"एकोणीस."

"पुष्कळ झाले. खुनाच्या केसमंधल्या साक्षीदाराले वकील आदल्या दिवशी सांगते, काय बोलायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. बाईंनी खुर्ची उलटी फिरवली, तिच्या पाठीवर मला हात ठेवायला लावले आणि म्हणाल्या, "नाव?" मला हसू आलं. अडीच वर्षं एका घरात राहत होतो आम्ही.

"हासू नोको. कोर्टात नाव काहून विचारते, माहीत हाये? समन्सवर तं लिहेलच असते. विचारते यासाठी, का पहिलं वाक्य असं पाहिजे ज्याच्यात चूक होऊच शकत नाही. नाव, बापाचं नाव, वय, गाव. तवर साक्षीदाराचा आवाज जागेवर बसते. ज्या वकिलाले साक्षीदार तोडायचा असते, तो हे घाईनं उरकाले पाह्यते. म्या पाह्यलं."

बाईंचं 'म्या पाह्यलं' म्हणजे त्यावर पुढे वाद नसे.

मग त्यांनी माझा प्रबंध मागून घेतला. तीनशेच्या वर पानं, हिंदीत, आकडे आणि तक्ते. चार दिवसांत वाचला. जिथं जिथं मी 'माना जाता है', 'देखा गया है' असं लिहिलं होतं, तिथं पेन्सिलनं एक टिंब. प्रबंधाला पानापानावर देवी आल्यासारखं दिसत होतं. आणि त्या टिंबांवरून प्रश्न. प्रश्नांना वेळकाळ नव्हता. मी नळावर बादली भरत असले की ओट्यावरून आवाज यायचा, "पान एकशे बारा. कोण मानते?" मी न्हाणीत असले की दार वाजायचं. "हा तलाव 'लुप्तप्राय' म्हणतं तू. म्हणजे हाये का नाही?" मी साबण लावलेल्या चेहऱ्यानं आतून ओरडायचे, "आहे बाई! थोडासा आहे!" "थोडासा म्हणजे कुठून कुठवर?" एकदा समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या पंडितजींनी काळजीनं मला विचारलं होतं, "बिटिया, कोई केस चल रहा है क्या?"

प्रश्नांचे पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी बाईंनी बाहेरून दोन माणसं आणून बसवली, पंडितजी आणि तो दूधवाला. आणि त्यांच्यासमोर विचारलं, नकाशाचं प्रमाण काय. तोच प्रश्न. माझा गळा पुन्हा धरला गेला. डोळ्यांपुढे तेच, चेहरे मागे सरकायला लागले. दूधवाला घाबरून उठू लागला, बाईंनी त्याला छत्रीनं बसवलं. मला धीराचा एक शब्द नाही, पाठीवर हात नाही. आतून पितळेचा गडू भरून आणला आणि माझ्यापासून हातभर दूर ठेवला.

"साक्षीदाराले पाणी मांगाचा हक्क हाये. कोणताच जज नाही म्हणत नाही. माग."

मी खूण केली.

"खूण रेकॉर्डवर येत नाही. माग."

पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा काहीतरी घोगरं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "पाणी द्या," आणि ते इतकं मोठ्यानं निघालं की माझी मीच दचकले. पाणी प्याले. मग प्रमाण सांगितलं. दूधवाल्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला प्रमाण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी झालं हे त्याला कळलं.

त्याच आठवड्यात त्या मला कोर्टात घेऊन गेल्या. आता तिथं यंत्राऐवजी कॉम्प्युटर आला होता आणि एक तरुण पोरगी टाइप करत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आम्ही मागच्या बाकावर बसलो. पिंजऱ्यात खेड्यातली एक म्हातारी होती, लुगडं गुडघ्याच्या थोडं खाली, हातात ऐंठी, म्हणजे चांदीची जाड कडी. ट्रॅक्टरनं कुणाची तरी भिंत पाडली होती आणि तिनं ते पाहिलं होतं. वकील तिला घोळात घ्यायला पाहत होता.

"अम्मा, आपको ठीक से दिखता है?"

"जतका दिखथे, ततका बताहूं," म्हातारी म्हणाली. दिसतं तेवढंच सांगेन.

"ट्रैक्टर से कितने मीटर दूर खड़ी थीं?"

"मीटर ल मैं नइ जानंव, साहेब." तिनं हात उचलून कोर्टाच्या दाराकडे बोट केलं. "ओ दुवार ल जानथंव. इहां ले ओ दुवार तक."

न्यायाधीशांनी मान वर करून दाराकडे पाहिलं आणि टाइप करणाऱ्या पोरीला अंतर सांगितलं. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला, पण त्याचा जोर गेला होता. 'मीटर मला माहीत नाही' असं म्हणताना त्या म्हातारीला जराही लाज वाटली नव्हती. तिला जे माहीत होतं ते ती घट्ट धरून उभी होती. बाहेर आल्यावर मला वाटलं बाई काही समजावतील. त्यांनी पेरू घेतले, तिखट-मीठ लावून, आणि आम्ही चालत घरी आलो.

मीच रस्त्यात विचारलं, "बाई, तुम्हाला कधी साक्ष द्यावी लागली?"

त्या पेरू खात राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर आम्ही बडी, म्हणजे सांडगे, घालत होतो, कोहळा घातलेल्या उडदाच्या पिठाचे छोटे छोटे गोळे कापडावर टाकत. तेव्हा त्या एकाएकी बोलू लागल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्या दुसऱ्या एका छोट्या गावच्या कोर्टात होत्या. तिथून एक फाइल गेली. आळ आला चपराशावर. चौकशी बसली. फाइल कुणी नेली ते बाईंनी पाहिलं होतं. बड्या बाबूच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, स्कूटरवर, मागे बांधलेली. त्यांना बोलावलं. समोर तीन अधिकारी.

"दिवसभर लोकाईचं बोलणं टाइप करणारी मी," बाई म्हणाल्या. "तोंड उघडलं आन आवाजच नाही. तो बाबू दारात उभा होता. मंग म्या म्हटलं, मुझे याद नहीं. तेवढंच निघालं."

"मग?"

"मंग काय. चपराशाची नोकरी गेली. दोन पोरी होत्या त्याले." त्यांनी पिठाचा हात पाण्यात बुडवला. "मी त्याच्या घरी गेली होती, महिन्यानं. त्याच्या बायकोनं मले बसाले पाट देल्ला, पाणी देल्लं. एक शब्द बोलली नाही. मी पाणी पेऊन वापस आली."

कापड भरेपर्यंत आम्ही दोघी गोळे टाकत राहिलो. नंतर खाली उतरताना त्या म्हणाल्या, "भेव सगळ्याईले वाटते. मलेही वाटलं, तुलेही वाटते. पण मी भेवाले बोलू देल्लं आन स्वतः गप बसली. तू तसं नोको करू."

त्या रविवारी मी बाबांना फोनवर खरं सांगितलं, दोन्ही अर्जांसकट. त्यांनी आधी नवी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "मले बी सायबासमोर बोलता येत नव्हतं. पण तू जाय. जाऊन ये." परीक्षेच्या तारखेपासून मग मागे हटायला जागाच उरली नाही.

मौखिकीच्या दिवशी विभागात जाऊन पाहते तो बाई माझ्या आधी येऊन शेवटच्या रांगेत बसलेल्या. दारावरच्या माणसानं विचारलं होतं, आप कौन? "सुनने वाली," त्यांनी सांगितलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक साठीचे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. अशा आवाजाला मी जास्त भ्यायचे. त्यांनी म्हटलं, "पहले अपना परिचय दीजिए." मी टेबलाच्या कडेवर हात ठेवले. नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, वय आणि गावही. मागे कुणीतरी खुदकन हसलं. परीक्षकही हसले. पण आवाज जागेवर बसला होता.

नकाशा लावला. प्रमाण मी न विचारताच सांगितलं. अर्धा तास बरा गेला. मग त्यांनी माझा प्रबंध उघडला आणि एका पानावर बोट ठेवलं. एका बुजलेल्या तलावाचा जुना विस्तार मी तिथं दिला होता. "ये आपको कैसे मालूम?"

आधीची मी असते तर 'ऐसा माना जाता है' म्हटलं असतं. मी म्हटलं, "मैंने वो तालाब देखा नहीं है, सर. दो पुराने नक्शे हैं और दोनों आपस में मिलते नहीं. उस मोहल्ले के तीन बुज़ुर्गों से पूछा, उनमें दो तब बच्चे थे. तो मैंने दोनों नक्शों में से छोटा वाला नाप लिया है." परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

पुढचा प्रश्न आला भूजलाचा. तलाव बुजल्यामुळे जमिनीखालच्या पाण्याची पातळी किती खाली गेली? हे माझ्या कामात नव्हतं. मला माहीत नव्हतं. गळ्याशी तो हात आला, मला स्पष्ट जाणवला. गाइड सर खुर्चीत पुढे झुकले.

"सर, पानी चाहिए," मी म्हटलं.

पाणी आलं. मी पेला पूर्ण रिकामा केला, घाई केली नाही. "इसका उत्तर मुझे नहीं मालूम. मैंने भूजल नापा नहीं है."

"नापना चाहिए था," ते म्हणाले.

"जी."

एवढंच. पायाखालची जमीन सरकली नाही, कुणी उठून गेलं नाही. त्यांनी आपल्या कागदावर काही लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला येत होतं.

शेवटी विभागप्रमुखांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे? कुणी कधी विचारत नाही. बाहेर समोसे आलेले असतात. प्रमुख उठणार इतक्यात शेवटच्या रांगेत बाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी छत्री दोन्ही हातांनी धरली होती. त्या नुसत्या उभ्या होत्या. प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता खाली बसतील. मी मनात म्हणत होते, बोला, बाई, बोला.

"जो तालाब पाट दिये," बाईंचा आवाज चिरका निघाला, पण निघाला. "उनमें जो बरसात का पानी आता था, वो अब किधर जाता है?"

कुणी हसलं नाही. बाहेरचे परीक्षक खुर्चीत वळून त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. प्रश्न माझा होता.

"मैंने देखा नहीं है," मी म्हटलं. "इस बरसात में देखूँगी."

पदवी मिळाली. बाबांना फोन केला तेव्हा त्यांनी तिकडून शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं आणि रिसीव्हर तसाच सोडून बाहेर गेले. मी बराच वेळ गोंदियाच्या त्या खोलीतला कालवा ऐकत राहिले.

आणि त्या श्रावणात आम्ही खरोखरच निघालो. बुजलेल्या तलावांवर उठलेल्या वस्त्यांमधून, भर पावसात, माझ्या हातात नकाशा आणि बाईंच्या हातात छत्री, जी त्यांनी अखेर उघडली. बाई दार वाजवत, आणि घरातल्या माणसाला आधी नाव, वय, गाव विचारत. लोक मग सांगू लागत. कुणाच्या जिन्याखालून दर वर्षी पाणी फुटायचं, कुणाच्या देवघराची फरशी उचलली जायची, आणि त्यातल्या पुष्कळांना आपण तलावात राहतो हे ठाऊकच नव्हतं. घरी येऊन बाई ते सगळं टाइप करत. त्या कागदांतून माझं पुढचं काम उभं राहिलं. पहिली कायमची नोकरी मिळून मी दुसऱ्या जिल्ह्यात गेले तरी दर श्रावणात सुट्टी काढून यायचे आणि आम्ही एखादी वस्ती पुरी करायचो.

पाचव्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्या काही घरी बसल्या नाहीत. सायकलरिक्षा ठरवली, तिच्यात बसून त्या रस्त्यावर थांबत आणि मला दाराशी पाठवत. मी प्रश्न विसरले की रिक्षातून आवाज येई. एका घरातले गृहस्थ पोटरीभर पाण्यात उभे राहून माझ्याशी बोलत होते. मधेच त्यांनी विचारलं, "वो रिक्शे में अम्मा कौन हैं?"

"मेरी गाइड हैं," मी म्हटलं.

"पोरी, खोटं नोको सांगू," रिक्षातून बाई ओरडल्या. "घरमालकीण हाओ म्हणून सांग."

मी त्या गृहस्थांकडे वळले आणि पुन्हा म्हटलं, "मेरी गाइड हैं. आप बताइए, पानी किस तरफ़ से आया?"